टोपलीचं वजन

मोठा तराजू हुकावरून खाली उतरवायचा की टांगलेलाच वापरायचा, यावरून रविवारी सकाळी दहालाच बापलेकांची जुंपली. धाकट्याचं म्हणणं, खाली घेऊ आणि टेबलावरच्या घोडीला लावू, म्हणजे बाबांना हात वर करावे लागणार नाहीत. बाबांचं म्हणणं, या दुकानात तीन पिढ्या तो तिथंच टांगलेला आहे, आणि हात कुणाचे वर जाणार आहेत, तुझे की माझे? आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दोघांचीही बाजू घेत होती, त्यामुळे भांडण मिटायचं काही चिन्ह नव्हतं.

हा सगळा खटाटोप पावशेरसाठी होता. धाकट्याची मुलगी दोन महिन्यांपूर्वी, ठरल्या दिवसाच्या बरीच आधी जगात आली, आणि जन्मली तेव्हा दोन किलोलाही भरली नाही. तराजू बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या घराने तिला पावशेर म्हणावं यात नवल ते काय. या घरातलं प्रत्येक मूल पहिल्यांदा बाहेर पडलं की आधी दुकानात यायचं, मोठ्या तराजूत बसायचं, आणि त्याचं वजन दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं जायचं. दुसरं कुणी असं करत असेल असं वाटत नाही. बाबांच्या आजोबांना ही लहर आली आणि पुढे कुणाला ती मोडायचा धीर झाला नाही, एवढंच. दारावर सगळ्यात वर आत्याचा आकडा होता, त्याखाली बाबांचा. आत्या अर्ध्या किलोने जास्त भरली होती, आणि हे तिने धाकट्या भावाला गेली एकाहत्तर वर्षं विसरू दिलं नव्हतं.

पावशेरचं वजन दोनदा पुढे ढकललं गेलं. एकदा ती काचेच्या पेटीतून बाहेर आली नव्हती म्हणून, आणि एकदा बाबांच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा काढायचा होता म्हणून. ते दिवस आठवले की अजून घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. एका मजल्यावर नात पेटीत, दुसऱ्या मजल्यावर आजोबा तपासणीत, आणि आई डबा घेऊन लिफ्टमध्ये.

पण परवा शुक्रवारी अहवाल आला होता. गाठीच्या जनुकांत एक बदल सापडला, आणि डॉक्टर म्हणाले की नेमक्या त्या बदलावर लागू पडणारी गोळी आहे. रोज एक. आजार मुळापासून जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही, पण पुष्कळ लोकांची गाठ या गोळीने दीर्घकाळ आवळून धरली आहे, असं ते म्हणाले, आणि म्हणताना हसले. सहा आठवड्यांत त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं होतं. बरगडीतही एक ठिपका होता. या जातीच्या गाठीला हाडांकडे जायची खोड असते, ते म्हणाले. दुखत असेल तर तेवढ्या जागेवर किरण देता येतात. पण दुखणं दहापैकी दोनच आहे ना? मग राहू दे, गोळीवरच बघू. मंगळवारी या.

म्हणून आज एकदम दोन आनंद साजरे व्हायचे होते. आईने सूपचं मोठं पातेलं चढवलं होतं, घर दुकानाच्या मागेच असल्यामुळे कांद्याचा वास सरळ पितळेच्या वासात येऊन मिसळत होता, आणि बापलेक आढ्याकडे बघून भांडत होते.

शेवटी सूनबाईने निकाल लावला. तराजू टांगलेलाच राहील, पण स्टुलावर चढणं धाकट्याचं. बाबांनी खालून सूचना करायच्या, जे त्यांना तसंही जास्त आवडतं. बाबांनी कुरकूर करत मान्य केलं.

सूनबाई पेशीतपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे केसाहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घ्यायचे, हे तिचं काम. त्यामुळे शुक्रवारपासून घरातली सगळी भांडणं तिच्याकडे न्यायासाठी येत होती, आणि त्यातलं सगळ्यात रंगलेलं भांडण आई आणि आत्याचं.

झालं असं, की 'जनुक' हा शब्द कानावर पडताच आईचा चेहरा उजळला. नवरा आजारी असताना चेहरा उजळणं बरं दिसत नाही हे तिलाही कळत होतं, पण तिचा इलाज नव्हता. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. थोरलीला चष्मा लागला तेव्हा तो आईच्या माहेरचा. धाकटा गणितात नापास झाला तेव्हा ते डोकं आईच्या माहेरचं. आणि आता पहिल्यांदाच असा एक दोष निघाला होता, ज्याच्याशी तिच्या माहेरचा काडीचाही संबंध असणं शक्य नव्हतं.

"वन्सं, मी काही बोलत नाही," आई शुक्रवारपासून दिवसातून चार वेळा म्हणत होती. "पण हे तुमच्याच घराण्यातलं असणार."

आत्या अशी हार मानणाऱ्यांतली नव्हती. आमच्या वडिलांचं फुफ्फुस म्हणजे भाता होता, ती म्हणायची, ओतकामाची भट्टी तोंडाने फुंकायचे. काही आलंच असेल तर आमच्या आजोळकडून आलं असेल, मामाला आयुष्यभर पडसं होतं. अशा रीतीने तिने ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका मामाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

या गमतीत एक माणूस हसत नव्हता, आणि तो म्हणजे धाकटा. स्टुलावर उभा राहून तराजूच्या दांडीला तेल देताना त्याचं लक्ष खाली टोपलीत झोपलेल्या पावशेरकडे जात होतं. दोन रात्री त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाबांचं ते माझ्यात असेल, आणि माझ्यात असेल तर हिच्यातही. आई आणि आत्या ज्याचं खापर एकमेकींवर फोडत होत्या, ते तो गुपचूप आपल्या मुलीच्या नावावर लिहून बसला होता. बायकोला विचारायची सोय होती, पण उत्तर नको ते आलं तर काय, म्हणून त्याने मूग गिळले होते.

सूनबाईच्या ते लक्षात आलं. नवरा एकाच जागी तिसऱ्यांदा तेल घालतो आहे म्हटल्यावर कुणाच्याही आलं असतं. तिने त्याला खाली बोलावलं नाही, वेगळं गाठलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती आत्याला म्हणाली, "आत्या, तुमच्या मामांना सोडून द्या. हा बदल कुणाकडूनच आलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा जन्मले तेव्हा तो नव्हता. मोठेपणी कधीतरी त्यांच्या फुफ्फुसातल्या एका पेशीत झाला, आणि ती पेशी वाढत गेली. तो गाठीत आहे. रक्त वेगळं तपासलं, त्यात नाही. जे रक्तातच नाही ते पुढे कुणाला जात नाही." मग तिने वर बघितलं. "कुणालाच. ऐकू आलं ना स्टुलावर?"

धाकट्याचा जीव भांड्यात पडला आणि हातातला तेलाचा डबा खाली. डबा पडला तो आत्याच्या चपलेवर. त्यावरून जे रामायण झालं त्याच्या आडोशाने त्याने डोळे पुसून घेतले. आई मात्र जरा हिरमुसली. पंचेचाळीस वर्षांनी हाती आलेला मुद्दा दोन दिवसांत निसटला होता. तिने सूप ढवळायला जाता जाता एवढंच म्हटलं, की रक्त पुन्हा एकदा तपासायला काही हरकत नसावी.

थोरली या सगळ्यात नव्हती. ती काउंटरच्या पलीकडे, इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या रांगेमागे वही घेऊन बसली होती आणि घड्याळात अकरा वाजायची वाट बघत होती.

ती न्यायालयात लघुलेखिका होती. साक्षीदार जे बोलेल ते, जसं बोलेल तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवायचं, हे तिने सव्वीस वर्षं केलं होतं. साक्षीदार खोटं बोलतोय हे तिला पुष्कळदा आधीच कळायचं, पण ते लिहिणं तिचं काम नव्हे. म्हणूनच रुग्णालयातल्या सिस्टरने घरातलं कुणी वही ठेवेल का असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. तिथे एक अभ्यास चालू होता. कुणाच्या गाठीत कोणता बदल आहे आणि कुणाला किती दुखतं, यांचा एकमेकांशी काही मेळ बसतो का, हे शोधायचं होतं. बाबांनी आनंदाने सही केली. आयुष्यभर वजनमापात गेलेल्या माणसाला, तुमचे आकडे आम्हाला हवेत, असं म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. मोजणारे लोक आहेत, बाबा घरी येताना म्हणाले होते, भले लोक आहेत.

अकरा वाजले. ती उठून बाबांजवळ गेली. "किती?"

"दोन," बाबा म्हणाले.

तिने लिहिलं. बेचाळिसावा दिवस, बेचाळिसावा आकडा. काही दोन, काही एक, दोनदा तीन. इतक्या वेळा विचारून तिला आता तो आवाजसुद्धा पाठ झाला होता, आणि त्या आवाजात खोटं कुठेच नव्हतं. हीच तर अडचण होती. खोटं बोलणारा साक्षीदार ती शंभरात ओळखत असे. बाबा खरं बोलत होते. आणि तरीही ते बाकाची कड धरल्याशिवाय वळत नव्हते, उजव्या हाताने चहाचा कप उचलत नव्हते, आणि गेले पाच आठवडे हॉलमधल्या खुर्चीत उशी घेऊन बसल्या बसल्या झोपत होते. विचारलं तर म्हणत, आडवं झालं की खोकला येतो. आईने ते मानलं होतं. थोरलीने लिहिलं नव्हतं, पण मानलंही नव्हतं.

परवाच्या त्या डॉक्टरांच्या वाक्यापासून तिला जास्तच अस्वस्थ वाटत होतं. दोनच आहे ना, मग राहू दे. म्हणजे तिच्या अक्षरातला तो आकडा आता काहीतरी ठरवत होता. उद्यापासून गोळी सुरू होईल, मंगळवारी डॉक्टर वही उघडतील, आणि ती वही सांगेल तसं बाबांच्या बरगडीचं होईल.

तेवढ्यात धाकट्याने हाक मारली. तराजू तयार होता.

दुकानात नुसती गंमत उसळली. आई हात पुसत आली. आत्याने खुर्ची पुढे ओढून घेतली. धाकट्याने सवयीने काउंटरवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी टोपली ठेवून बघितली, बटण दाबलं, लाल आकडे शून्य झाले, आणि बाबांनी नेहमीचं भाषण सुरू केलं. ते घरात सगळ्यांना पाठ होतं. बटण दाबलं की टोपली कुठे गेली? गायब. गिऱ्हाइकाला दिसत नाही, तुला आठवत नाही. तराजूत तसं नसतं. रिकाम्या टोपलीच्या वजनाइतका दगड समोरच्या पारड्यात ठेवायचा, याला धडा करणं म्हणतात. तो दगड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. आणि दुकानाचा नियम काय?

"टोपली आधी बोलायची," धाकटा आणि सूनबाई एका सुरात म्हणाले. सूनबाई या घरात येऊन तीनच वर्षं झाली होती.

"मोठ्याने," बाबा म्हणाले. "टोपली किती ते आधी, मोठ्याने. मग आतलं."

पावशेरला आईने उचलून घेतलं. बाबांनी दुपट्यासकट रिकामी टोपली डाव्या पारड्यात ठेवली आणि उजव्या पारड्यात वजनं घालू लागले. डाव्या हाताने. छोटी वजनं चिमट्याने. दांडी डोलली, काटा थरथरत मध्ये आला आणि थांबला.

"टोपली, एक किलो एकशे चाळीस," ते मोठ्याने म्हणाले.

मग पावशेर टोपलीत गेली. पारडं खाली गेलं, ती जागी झाली, तिने आढ्याकडे बघून दोन्ही मुठी उगारल्या. बाबा वजनं चढवत गेले. दोन किलोचं एक वजन उचलताना सवयीने उजवा हात पुढे गेला, आणि अर्ध्यात थांबला. श्वासही थांबला. हे इतकं झटकन झालं की पावशेरकडे बघणाऱ्यांपैकी कुणाला दिसलं नाही. थोरली पावशेरकडे बघत नव्हती.

"आत, तीन किलो नऊशे साठ."

दुपटीहून जास्त. आईने टाळ्या वाजवल्या, आत्या म्हणाली की ही माझ्यावर गेली, सूनबाई हसता हसता रडली. धाकटा खिळा आणि हातोडी घेऊन दाराकडे धावला आणि कोरण्याआधी त्याने पुन्हा विचारलं, टोपली वजा करून ना? बाबा म्हणाले, अर्थात, टोपली धरून वजन सांगायला आपण काय चोर आहोत?

थोरलीच्या हातातलं पेन थांबलं. न्यायालयात कधी कधी सगळा खटला एका साध्या उत्तराने फिरतो. उलटतपासणी करणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही, पण लिहिणाऱ्याच्या बोटांना कळतं. सव्वीस वर्षांत तिने एकदाही साक्षीदाराला प्रश्न विचारला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला रोज दोन सांगता. ते टोपली वजा करून?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की वकिलांच्या संगतीत राहून हिला खुळ लागलं की काय.

"मग? टोपलीसकट सांगायचं होतं?"

"टोपली कोणती?"

"ही काय, रोजची." त्यांनी उजव्या बरगडीवर तळहात ठेवला. "ही असतेच. जेवताना, बसताना, झोपताना. तिचं काय मोजायचं? तिच्यावर आणखी जे येतं, खोकलं की, वळलं की, ते दोन. कधी अडीच. पण तुझ्या रकान्यात अर्धं बसत नाही."

दारावरची हातोडी थांबली.

"आणि टोपली किती?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज तिच्याच कानाला अनोळखी वाटला.

बाबांनी डोळे मिटले. हातात घेतलेलं वजन नुसत्या अंदाजाने सांगताना ते असेच डोळे मिटायचे, आणि सहसा चुकत नसत.

"सहा," ते म्हणाले.

पावशेर पारड्यात पाय झाडत होती, त्याने साखळ्या किणकिणत होत्या, तेवढाच आवाज. सहा आणि दोन. घरात गणितात नापास झालेला एकच होता, आणि त्यालाही ही बेरीज आली.

"म्हणजे खुर्चीत झोपता ते खोकल्यामुळे नव्हे," आई हळूच म्हणाली.

"खोकला येतोच की." बाबांनी वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, आणि मग आईचा चेहरा बघून तो सोडून दिला. "आडवं झालं की टोपली सातावर जाते. बसलं की बरं असतं."

आत्या उठली. ती काठी न घेता उठली, यावरून काय ते समजावं. "छोट्या," ती म्हणाली, आणि हे नाव त्या दुकानात तीसेक वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं, "सहा आठवडे तू आठ घेऊन इथे आमच्याशी बटणावरून वाद घालत होतास?"

बाबांना खरोखरच कळत नव्हतं की आपलं चुकलं कुठे. त्यांनी ते सांगायचाही प्रयत्न केला. सिस्टरने विचारलं, आज किती दुखतंय. आज म्हणजे आजचं. कालचं आज कसं धरायचं? तेच पुन्हा पुन्हा मोजलं तर तो वजनात दांडी मारणाऱ्या दुकानदाराचा धंदा झाला. सूनबाईला हसू फुटलं आणि तिने ते पदराने दाबलं, कारण सासरे इतक्या प्रामाणिकपणे चुकलेले तिने कधी बघितले नव्हते.

थोरली मात्र हटली नाही. "बाबा, दुकानाचा नियम काय?"

बाबा चिमटा पुसू लागले, तेव्हा तिनेच सांगितलं.

"टोपली आधी बोलायची. मोठ्याने. तुमची टोपली सहा आठवडे कुणी ऐकली? तुम्ही धडा नाही केलात बाबा. धड्याचा दगड समोर दिसतो. तुम्ही बटण दाबलंत."

हे मात्र लागलं. बाबा बाकावर बसले. बोलले ते पारड्यात हातपाय नाचवणाऱ्या नातीकडे बघूनच.

"सिस्टरने पहिल्यांदा विचारलं ना, तेव्हा ही पेटीत होती. तुम्ही सगळे त्या काचेला नाक लावून उभे. मी म्हटलं, घराला एका वेळी एवढी काळजी पुरे. टोपली माझ्याजवळ राहू दे. मग तेच चालू राहिलं. चालू राहिलं की सवय होते, आणि सवय झाली की ते खरंच वाटतं."

आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला रागावायचं होतं, चांगलं कडकडून, त्याची तयारीही झाली होती. पण तिने नुसता त्यांचा हात मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. "आता आमचे दोन्ही हात मोकळे आहेत," ती म्हणाली. "द्या इकडे ती टोपली."

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांनीच ते एकदम ताठ झाले.

"आणि ते आकडे," ते म्हणाले. "माझे बेचाळीस आकडे तिकडे गेले त्या अभ्यासात. सगळे चुकीचे. अरे, उद्या कुणाला सांगतील, या जातीची गाठ दुखत नाही. माझ्यामुळे." स्वतःच्या बरगडीसाठी न हललेला माणूस आता पार हादरला होता. "फोन लाव. आत्ता लाव."

रविवार होता, पण सिस्टर कामावर होती. धाकट्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा करून तराजूच्या दगडाशेजारी ठेवला. बाबांनी गुन्हा कबूल करावा तशा स्वरात सुरुवात केली, की मी आपल्याला बेचाळीस दिवस खोटं माप दिलं. मग टोपली, धडा, बटण, सगळं सांगितलं. सिस्टरला पहिल्यांदा काही कळेना. मग कळलं, आणि तिने लगेच विचारलं,

"आजोबा, दुखण्यासाठी गोळ्या दिल्या होत्या, लागल्या तर घ्या म्हणून. किती घेतल्या?"

"पाकीट फोडलं नाही अजून. लागल्या तर म्हणालात. त्या टोपलीच्या वरच्यासाठी ना?"

सिस्टर हसली. वाईट वाटत असतानाही माणूस हसतो तसं. मग तिने एकेक गोष्ट नीट सांगितली, आणि थोरलीने ती शब्दन् शब्द उतरवली. पहिली गोळी आत्ता घ्यायची, जेवून. पुढच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट न बघता. काही जड उचलायचं नाही, त्या बरगडीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि मंगळवारपर्यंत थांबायचं नाही, उद्या सकाळीच यायचं, ती डॉक्टरांशी आजच बोलेल. आठ असेल तर त्या जागेवर किरण देण्याचा विचार उद्याच होईल.

"आणि आकडे?" बाबांनी विचारलं. "खोडायचे का?"

"तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्याकडे खोडत नाहीत. चूक राहू देतात, शेजारी बरोबर लिहून सही करतात."

"मग तसंच करा," सिस्टर म्हणाली.

सूप निवलं होतं ते पुन्हा तापवावं लागलं. जेवण दुकानातच झालं, काउंटरवर, काट्यांमध्ये वाट्या ठेवून, आणि प्रत्येक वाटीखाली लाल आकडे उजळत होते. आत्याने दोनदा सूप घेतलं आणि दोन्ही वेळा बाबांनी तिला ग्रॅमसकट वजन सांगितलं, टोपली आधी. जेवण झाल्यावर बाबा आणि थोरली वही घेऊन बसले. तिने प्रत्येक आकड्याशेजारी नवा रकाना आखला. बाबा एकेक दिवस आठवून टोपली सांगत गेले. पहिल्या आठवड्यात चार, मग पाच, पावशेर घरी आली त्या दिवशी साडेचार. अर्धं या वेळी बसलं. एकोणतिसाव्या दिवसापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला. दुखण्यावरची गोळी लागू पडत होती. कापूस भरलेल्या वजनांच्या पेट्या बाजूला सारून धाकट्याने बाकावर घोंगडी अंथरली, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या गलक्यात, बाबा पाय लांब करून आडवे झाले आणि घोरू लागले.

इतकी बोलकी माणसं, पण दोन तास कुणी आवाज केला नाही. पावशेरनेसुद्धा नाही.

सोमवारी डॉक्टरांनी बरगडी पुन्हा तपासली, आणि गुरुवारी त्या ठिपक्यावर एकदाच किरण दिले. गाठीची गोळी सुरू झाली होतीच. पहिल्या आठवड्यात फारसं काही झालं नाही, उलट दोन दिवस जास्त दुखलं, ते होतं असं सिस्टरने आधीच बजावलं होतं. मग टोपली उतरू लागली. सहा, पाच, पाच, चार. थोरली रोज दोन्ही रकाने भरत होती. पुढच्या भेटीला बाबा गेले तेव्हा बाहेर बसलेल्या प्रत्येकाला सिस्टर विचारत होती, आजचं सांगा, आणि रोजचं असतं तेही सांगा, टोपली धरून. शेजारचा एक निवृत्त बसचालक बराच वेळ विचारात पडला आणि म्हणाला की माझी टोपली चार आहे, इतके दिवस कुणी विचारलीच नव्हती. बाबांनी त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, धड्याच्या दगडासकट. दोघांची पाळी आली तरी ते उठेनात.

किरणांनंतरच्या सतराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता थोरली वही घेऊन हॉलमध्ये आली. बाबा खिडकीत उभे होते. पावशेर त्यांच्या उजव्या हातावर होती, उजव्या, आणि ती त्यांचा चष्मा ओढत होती. आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"किती?"

"दोन," बाबा म्हणाले.

थोरलीने पेन टेकवलं नाही. ती नुसती बघत राहिली.

बाबांनी मोठा श्वास घेतला, अगदी खोल, आणि कुठे अडतो का ते तपासल्यासारखा हळूहळू सोडला.

"टोपलीसकट," ते मोठ्याने म्हणाले.

आईने हातातली घडी खाली ठेवली. खुर्चीपाशी गेली, पाच आठवडे आणि वर कितीतरी दिवस तिथे असलेली उशी उचलली, झटकली, आणि आत नेऊन पलंगावर आपल्या उशीशेजारी ठेवली.